एकेचाळीस नंबरचा बिल्ला

३ जून, जहाजावरून

मेट्रनबाई,

धक्क्यावर आम्हाला निरोप देताना तुझ्या तोंडावर जे हसू होतं, त्याचा अर्थ आता कळतोय. या माणसाला चांगलं कोंडलंय, आता बघू काय करतो, असं ते हसू होतं. तर ऐक, काय करतो. काहीच करत नाही, आणि तीच पीडा आहे.

जहाज लहान, आमच्या कारखान्याच्या रंगखात्याएवढं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं की संपलं. मग वळायचं आणि परत यायचं. डेकवर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी माझ्या फेऱ्या मोजतात आणि आपसात पैजा लावतात असा मला संशय आहे. त्यात इथे सूर्य मावळत नाही. खाली उतरतो, पाण्याला टेकतो, विचार बदलतो आणि वर चढतो. खोलीचा पडदा कितीही ओढा, फटीतून उजेड येतोच. मी दचकून उठतो, की पहिली पाळी सुरू झाली आणि मालक अजून अंथरुणात.

खोलीतल्या कपाटाचं दार लावलं की दोनदा वाजतं. पत्र्याची कपाटं करण्यात ज्याचा जन्म गेला त्याने हे किती दिवस ऐकून घ्यायचं? बिजागरीचा स्क्रू ढिला आहे. मी चमच्याच्या दांड्याने पिळायला बसलो, तर तुझी ताई पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "अहो, त्यांचं जहाज आहे. त्यांना चालवू द्या."

ती मजेत आहे. एवढी मजेत मी तिला लग्नानंतर पाहिली नाही, आणि याचं मला वाईट वाटावं की बरं, ते ठरत नाहीये. भूगोलाची बाई ती, नकाशा गळ्यात अडकवूनच फिरते. सकाळी व्याख्यान, दुपारी रबरी होडीतून कुठल्यातरी ओसाड किनाऱ्यावर. निघताना जहाजाचेच जाड निळे बूट घालायचे, सगळ्यांचे एकसारखे, आणि ते औषधाच्या पाण्यात धुवायचे, म्हणजे या बेटाचं बी त्या बेटावर जायला नको. हे सगळं एक उंच बाई चालवते. गळ्यात शिट्टी. मी तिला शिट्टीबाई म्हणतो, अर्थात मनात. बाई कडक आहे, पण माणसांवर ओरडत नाही. माझ्याकडे असती तर जोडणीखातं दिलं असतं.

शिडीपाशी एक फळा आहे, आणि तो बघून मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. थेट आपल्या कारखान्याच्या गेटवरचा. प्रत्येकाचा नंबर घातलेला बिल्ला. किनाऱ्यावर जाताना लाल बाजू वर करायची, परत आलं की पांढरी. तुझी ताई एकेचाळीस, मी बेचाळीस.

सगळ्यात शेवटी ते बेट यायचंय, जे बघायला ती आली आहे. त्याचं नाव ती झोपेतही घेते. माझं कधी घेतलं नाही.

पलीकडच्या खोलीत एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांच्या सौभाग्यवती आहेत. भिंत पातळ आणि माझे कान तुला माहीतच आहेत. ते दिवसभर निकाल देतात. आज सुपावर दिला.

कारखान्यात एक चक्कर मार. मिस्त्रीला विचार, रंग वाळायच्या आत कपाटं गाडीत चढवत नाही ना. आणि इकडे जहाजाच्या ई-मेलवर कळव.

तुझा भावोजी

६ जून

भावोजी,

चक्कर मारून आले. कारखाना जागेवर आहे. मिस्त्री म्हणाला, मालक गेल्यापासून काम लवकर उरकतं. मी म्हटलं, हे त्यांना लिहू का? तर म्हणाला, बाई, पोटावर मारू नका.

तिथे थोडा वेळ टेकले. संध्याकाळी सगळे घरी गेले आणि मिस्त्री गेटवरच्या फळ्याशी उभा राहून एकेक बिल्ला उलटत होता. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "घरी जाताना लोक विसरतात. मालक रोज स्वतः फिरवतात, म्हणजे कुणाचा खाडा पडत नाही. जाताना मला बजावून गेलेत." चाळीस वर्षं मी तुम्हाला ओळखते, पण दुसऱ्याचं काम आपल्या हाताने उरकून टाकायची ही हौस फळ्यापर्यंत पोचली आहे हे माहीत नव्हतं.

आता माझं ऐका. ताईला मोकळं सोडा. तिच्या शालीचं टोक, तिची औषधं, तिची बॅग, तिचा चष्मा हे सगळं तिचं तिला सांभाळू द्या. वर्गात नकाशा टांगून ती वर्षानुवर्षं त्या बेटावर छडी ठेवत आली, आणि दरवर्षी एखादं कार्टं उठून विचारायचं, "बाई, तुम्ही गेलाय का तिथे?" ती हसून म्हणायची, "नाही रे, पुढचं उघड." मी एकदा वर्गाबाहेर उभी होते, तेव्हा ऐकलंय. तुम्ही नव्हता, तुम्ही कपाटं रंगवत होता. तिच्यासाठी ही सहल नाही. एवढं लक्षात ठेवा आणि डेकवर फेऱ्या मारा, खुशाल.

चमचा जागेवर ठेवा.

मेट्रन

९ जून

मेट्रनबाई,

पत्र मिळालं. आनंद वाटला. इकडे सगळं उत्तम आहे. हवा छान आहे. जेवण छान आहे. काल कप्तानाने सगळ्यांना यंत्रखोली दाखवली, तीही छान आहे. न्यायाधीशसाहेब आता माझ्याशी बोलतात. त्यांनी मला कार्ड दिलं.

मधे एकदा किनाऱ्यावरून परतायला थोडा उशीर झाला. म्हणजे मला नाही, प्रवाशांपैकी एकाला. होड्या परत आल्या, जहाज निघालं, आणि मग लक्षात आलं की एक माणूस मागे राहिलंय. वळून जाऊन आणलं. फार काही नाही. चहा पाजला, ब्लँकेट दिलं, झालं. अशा गोष्टी प्रवासात होतात.

एक सहज विचारतो, तुझ्या धंद्यातलं. समजा एखादं वयस्क माणूस दोनेक तास वाऱ्यात बसून राहिलं, कपडे कोरडे आहेत, चालतंय, बोलतंय, फक्त पूर्वीपेक्षा जरा कमी बोलतंय, तर त्यात काळजी करण्यासारखं काही असतं का? दुसरं म्हणजे ते माणूस खिडकीपाशी बसतं आणि विचारलं तर "काही नाही" म्हणतं. हे थंडीने होतं का?

शेवटचं बेट आठवड्याभरावर आलं. कपाटाचं दार अजून दोनदा वाजतं. मी हात लावला नाही.

भावोजी

११ जून

भावोजी,

बेचाळीस वर्षं मी वॉर्डात काढली. पोट दुखतंय म्हणून येणारे पेशंट मला ठाऊक आहेत, आणि शेजाऱ्याच्या पोटाबद्दल सहज विचारायला येणारेही ठाऊक आहेत. दुसऱ्या जातीचे जास्त आजारी असतात.

एका पत्रात तीन वेळा "छान". हवा, जेवण, यंत्रखोली. तुम्ही आयुष्यात कशाला छान म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझ्या लग्नातल्या मांडवालाही "चालेल" म्हणाला होता.

आधी औषधाचं. बोटांची टोकं बघा, पांढरी किंवा बधिर आहेत का. पावलं बघा. जेवतेय का, झोपतेय का, नावं विसरतेय का. हे सगळं ठीक असेल तर शरीराला काही नाही. खिडकीपाशी बसणं थंडीने होत नाही.

आता बाकीचं. मागे राहिलेलं माणूस म्हणजे ताई, हे मला कळलंय. "वयस्क माणूस" म्हणे. पण एक कळत नाही. तो फळा एवढ्याचसाठी असतो ना? ताईचा बिल्ला लाल असता तर जहाज हललं नसतं. म्हणजे तो पांढरा होता. ताई किनाऱ्यावर, बिल्ला पांढरा.

कोणी फिरवला?

मी इथे खुर्चीवर बसून मिस्त्रीची बोटं डोळ्यांपुढे आणतेय. मला नको असलेलं उत्तर येतंय. खरं लिहा.

मेट्रन

१३ जून

मेट्रनबाई,

मीच.

बोटं बघितली, पावलं बघितली. ठीक आहे. जेवते. मला नावाने हाक मारत नाही, पण ती कधीच मारत नव्हती.

झालं ते असं. त्या दुपारी माझे पाय गारठले म्हणून मी लवकरच्या होडीने परत आलो. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी या टेकाडापलीकडे जाऊन येते." मी आलो, गरम सूप प्यायलो, चक्कर मारत बूट ठेवतात तिथे गेलो. एकेचाळीसच्या खुंटीखाली बूट होते, ओले. म्हटलं, आली की. फळ्याशी गेलो तर एकेचाळीस लाल. मला हसू आलं. घरी दिवा मालवायला विसरते, इथे बिल्ला विसरली. फिरवला. विचारसुद्धा केला नाही गं. हाताने फिरवला, डोक्याने नाही. गेली कित्येक वर्षं संध्याकाळी तो हात तेच करतोय.

बूट न्यायाधीशांच्या सौभाग्यवतींचे होते. चुकीच्या खुंटीखाली ठेवले होते त्यांनी.

शिट्टीबाईने किनाऱ्यावरून विचारलं, शेवटच्या होडीतले सोडून फळ्यावर बाकी सगळे पांढरे का? इकडून हो म्हणाले. शेवटची होडी आली आणि नांगर उचलला. मी व्याख्यानाला बसलो होतो. ती खोलीत पडली असेल असं समजून चालत होतो. व्याख्यान संपलं, खोलीत गेलो, पलंग तसाच. वाचनाच्या खोलीत नाही, डेकवर नाही.  मी धावत वर गेलो आणि कप्तानाला म्हटलं, "माझी बायको जहाजावर नाही." फळ्याबद्दल बोललो नाही. तेवढं बोललो.

होडी तिला घेऊन आली तेव्हा ती ताठ बसली होती, बॅग मांडीवर. वर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

संध्याकाळी शिट्टीबाईने चौकशी केली. तिचं म्हणणं असं, की बिल्ला पांढरा आहे म्हणजे बाई एकदा जहाजावर आल्या, बिल्ला फिरवला, आणि काहीतरी राहिलं म्हणून तो न फिरवता पुन्हा होडीत बसून गेल्या. नियम मोडला. तिने हिला विचारलं, "तुम्ही फिरवलात?" ही म्हणाली, "आता आठवत नाही." मी शेजारीच उभा होतो, मेट्रनबाई. तोंडाला कुलूप. शिट्टीबाई म्हणाली, ज्यांच्या बिल्ल्याचा भरवसा नाही त्यांना मी उतरवू शकत नाही, आणि शेवटच्या बेटावर तर नाहीच, तिथे किनारा वाईट आहे. ही म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि खोलीत जाऊन खिडकीपाशी बसली.

तेव्हापासून बाकीचे होडीने जातात आणि आम्ही दोघं काचेतून बघतो. मीही जात नाही. लोकांना वाटतं, बायकोसाठी थांबलाय, काय माणूस आहे. काल भिंतीतून न्यायाधीशांचा निकाल ऐकला: "अशा विसराळू बायकांना आणूच नये. तो बिचारा नवरा किती जपतो तिला." सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही नाही जपत तसं." मी उशी कानावर घेतली.

शिक्षेला मी भीत नाही. मला हाकलून दिलं तरी पोहत येईन. भीती वेगळीच आहे. ती तिथे दगडावर बसलेली, समोरून जहाज वळून जातंय. तिला आज वाटतंय, चूक कुणाची कोण जाणे. मी बोललो की तिला कळणार, की आपल्याला इथे ठेवून जाणारा हाच. मग ती माझ्याकडे कशी बघेल? आणि नाही बोललो तर तिचं बेट गेलं.

जीव टांगणीला लागलाय. डेकवरच्या फेऱ्या वाढल्यात.

भावोजी

१४ जून

भावोजी,

"आता आठवत नाही" असं ताई म्हणाली? शाळेतल्या एकेका पोराच्या आजोबांचं नाव आठवणारी बाई ती. परत एकदा नीट वाचा, काय म्हणाली ते.

तिला काय वाटेल हे तुम्ही ठरवताय. तिच्या वतीने बिल्ला फिरवलात, आता तिच्या वतीने दुखावून घ्यायलाही तुम्हीच बसलात. किती कामं करणार तिची?

जा आणि सांगा. तिला आधी नको, त्या शिट्टीवाल्या बाईला आधी, कारण बेट तिच्या हातात आहे. हे वाचून झालं की लगेच. पाणी प्यायलाही थांबू नका.

मेट्रन

१६ जून

मेट्रनबाई,

पाणी प्यायलो. बाकी तू सांगितलंस तसंच केलं.

शिट्टीबाई दोर गुंडाळत होती. म्हटलं, "बाई, एकेचाळीस मी फिरवला." तिला आधी कळेना. कारखाना, गेट, खाडा, बूट, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, दोर हातात तसाच. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना मदत म्हणून केलंत?" म्हटलं, "हो." म्हणाली, "मी अकरा वर्षं ही होड्यांची कामं करतेय. मुद्दाम फसवणाऱ्यांची मला भीती वाटत नाही. मदत करणाऱ्यांची वाटते." दोराला लावायला निघालेला हात मी मागे घेतला.

कप्तानाचं म्हणणं, नुसतं आम्हाला सांगून भागणार नाही. सगळे त्या फळ्यावर विसंबून उतरतात, तेव्हा सगळ्यांना सांगा. काल संध्याकाळी व्याख्यानाच्या खोलीत उभा राहिलो. पत्र्याच्या शेडमध्ये दीडशे लोकांपुढे मी बोनस कापल्याचं सांगितलंय, ते याहून सोपं होतं. तुझी ताई तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर. मी सांगून टाकलं. कुणी हसलं नाही, टाळ्या तर नाहीतच. न्यायाधीशांनी खाकरून वर छताकडे बघितलं. सौभाग्यवतींनी त्यांच्याकडे बघितलं. मी तसाच उभा, कुठे जायचं ते कळेना, तेव्हा तुझी ताई म्हणाली, "बसा आता."

बसलो तिच्या शेजारी. मी खाली बघून विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "उद्या हवा खराब आहे म्हणतात. जास्तीचे मोजे काढून ठेवायला हवेत." एवढंच. मी मोजे काढायला उठलो, तर हात धरून खाली बसवलं. "माझे मी काढीन."

निकाल असा, की ती उतरणार. माझं उतरणं या सफरीपुरतं बंद. योग्य आहे.

आज सकाळी ती गेली. मी कठड्याशी उभा होतो. होडीत बसताना तिने वळून बघितलं नाही, लाटा होत्या, दोन्ही हातांनी दोर धरला होता. मग धुकं आलं आणि होडी त्यात शिरली. आता मी हे लिहितोय आणि कानात प्राण आणून होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकतोय. दोनदा वाटलं, आली. यंत्रखोलीचा पंप होता. बसवत नाही. उभं राहवत नाही. कुणी काम सांगेल तर बरं, पण इथे मला कुणी काम सांगत नाही, आणि आता तर सांगणारच नाहीत.

आवाज आला. हा होडीचाच.

भावोजी

१७ जून, जहाजावरून

प्रिय धाकटे,

यांनी तुला सगळं लिहिलंय हे मला ठाऊक आहे. पत्र लिहिताना हे ओठ हलवतात. तू त्यांना खडसावलंस ते बरं केलंस. मी आठवडाभर वाट बघत होते, बोलतात का म्हणून. बोलले नसते तर मी काय केलं असतं, कोण जाणे. शिट्टीवाल्या बाईला मी काही सांगणार नव्हते. नवऱ्याची तक्रार परक्या बाईकडे करून मिळालेलं बेट मला नको होतं. पण त्यांनी ते तसंच जाऊ दिलं असतं, तर घरी आल्यावर त्यांच्याशी काय बोलायचं, हा प्रश्न मला पडला असता. खिडकीपाशी बसून तोच विचार करत होते.

आता तुला एक सांगते, जे त्यांना सांगितलेलं नाही.

त्या दिवशी टेकाडावरून खाली आले तेव्हा किनाऱ्यावर होड्या नव्हत्या. जहाज वळत होतं. मला क्षणात कळलं, यांनी माझा बिल्ला फिरवला असणार. दुसरं कोण? आधी घाबरले, खोटं कशाला बोलू. ओरडले, हात हलवले. वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. मग एका दगडाच्या आडोशाला बसले. येणार परत, एवढी खात्री होती. हे जेवायच्या वेळी मला शोधल्याशिवाय राहतात होय?

आणि मग, धाकटे, घाबरणं ओसरलं. तिथे मी एकटी होते. शाल नीट घे म्हणणारं कुणी नाही. दमलीस का विचारणारं कुणी नाही. माझ्या हातात पाण्याची बाटली न मागता ठेवणारं कुणी नाही. दोन पक्षी माझ्या बुटांजवळ येऊन भांडत होते. तहान लागली तेव्हा मी उठले आणि माझ्या बॅगेतून माझी बाटली काढली. हसशील, पण ते पाणी पिताना मला काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही. इतकं आयुष्य कसं गेलं आणि हे कधीच कसं झालं नाही? होडी दिसली तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

हे विचारतात, "फार घाबरलीस ना?" मी हो म्हणते. खरं कळलं तर त्यांना ते जास्त लागेल.

काल त्या बेटावर गेले. धुकं, ओले काळे दगड, कुबट वास. शंभर पावलांपुढचं दिसत नव्हतं. लोक हिरमुसले. शिट्टीवाली बाई माझ्यापाशी येऊन म्हणाली, "तुम्हालाच सगळ्यात बघायचं होतं, आणि बघा काय हवा." मी म्हटलं, "मी आले ना." वर्गातला तो प्रश्न मला आता कुणी विचारणार नाही, शाळा सुटली, पण उत्तर तयार आहे.

परत आले तर हे कठड्याशी, ओठ निळे, किती वेळ उभे होते कोण जाणे. मला विचारलं, "कसं होतं?" मी सांगितलं, "धुकं होतं." त्यांचा चेहरा असा पडला, जणू धुकंही त्यांनीच पाडलं.

शिट्टीवाल्या बाईची दुसरी सफर ऑक्टोबरात निघते, याहून लांब, याहून लहान जहाज. काल मी तिच्याकडे नाव दिलं. एकच नाव. तिने विचारलं, "आणि काका?" मी म्हटलं, "त्यांचा कारखाना आहे." पेन देताना ती हसली.

यांना घरी आल्यावर सांगेन, रंगखात्यात उभे असतील तेव्हा, म्हणजे हाताला काहीतरी काम असेल. तोवर तूही गप्प बस. तुला ते जमत नाही, पण प्रयत्न कर.

आता हे शेजारी येऊन बसलेत. एवढं पानभर काय लिहितेस म्हणून विचारतायत. हवामान लिहितेय, असं सांगितलं.

तुझी ताई